मदत हवी आहे: फ्लाय फिशिंगची दोरी आणि माशीचे लेप, घरगुती पर्याय आहेत का?

मंडळी, फ्लाय फिशिंग म्हणजे गळावर पिसं बांधून केलेल्या नकली माशीने मासे पकडणं. एका ओळखीच्यांनी त्यासाठीची त्यांची जुनी काठी, पाच नंबरचा फ्लाय रॉड, मला देऊन टाकला. रॉड ठणठणीत आहे, रीळही फिरतं. पण दोरीच्या पुढच्या भागाला भेगा पडल्यात आणि टोक बुडतं. नव्या दोरीची किंमत पाहिल्यावर रॉड फुकट का मिळाला ते कळलं. वर माशी तरंगावी म्हणून एक बाटली, ती वाळवायला वेगळी पूड, दोरी पुसायला तिसरंच काहीतरी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

आतापर्यंतचे माझे उद्योग: अर्ध्या मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोरा) रिळावर भरून पाहिला. काठी सपासप फिरली, माशी मात्र पायाशीच, दोनदा माझ्याच टोपीत. विणलेली बारीक दोरी लावली, तीही तशीच, शिवाय बोट कापलं. माशीला पेट्रोलियम जेली फासली तर पिसं चिकटून तिचं भिजलेलं मांजर झालं. तरंगली मात्र, खोटं का बोला.

दोरीऐवजी घरातलं काय चालेल? माशी आणि दोरी, दोन्हींबद्दल सांगा.

प्रतिसाद १
तंगूस का चालला नाही ते आधी बघा. साध्या गळाला शिसं लावतो, ते दोरा ओढत नेतं. इथे उलटं आहे. माशीला वजनच नाही, म्हणून दोरीच जड असते आणि ती माशीला नेते. पाच नंबर म्हणजे पुढच्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम. म्हणजे मीटरला एक ग्रॅम धरा. तुमचा अर्ध्या मिलिमीटरचा तंगूस तेवढ्याच लांबीला जेमतेम २ ग्रॅम भरेल. रॉड वाकणारच नाही.

तेव्हा कुठलीही दोरी आणा, ९ मीटर मोजा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. वजन जुळलं तर मोकळ्या मैदानात, टोकाला लोकरीचा गोंडा बांधून, हात बसवायला ती चालेल. पाण्यावर नाही. नायलॉन पाण्यापेक्षा जड, बुडतं. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पण विणीत पाणी धरतं आणि रॉडच्या कड्यांतून खरखरतं. विकतच्या तरंगत्या दोरीच्या प्लॅस्टिकच्या लेपात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे असतात, ते घरी कुठून आणणार? आणि बॅकिंग, म्हणजे रिळात सगळ्यात आत भरायचा दोरा, तिथे गवंड्याची नायलॉनची दोरी मी कैक वर्षं वापरतोय. तंगूस मात्र तिथे नको. तो ताणून गुंडाळला की आवळत जातो आणि रीळ दाबून टाकतो.

प्रतिसाद २
दोरी टाळायचीच असेल तर जपानी तेनकारा बघा. रीळ नाही, लांब लवचीक काठी, टोकाला थेट बांधलेली हलकी दोरी. शिवणाचा दोरा पीळ देऊन घरी करता येते. पण तुमच्या पाच नंबरच्या रॉडवर ती मजा नाही.

प्रतिसाद ३
लेपांवर मात्र खुशाल वाचवा. जेली चालते, चूक प्रमाणाची. मोहरीएवढी घ्या, बोटांत चोळून पातळ करा, मग पिसांच्या टोकांना नुसता स्पर्श. बदकाच्या तेलग्रंथीजवळच्या मऊ पिसांची माशी असेल तर जेलीसारखा लेप नको, पिसं चिकटून ती निकामी होते. त्याहून बरं म्हणजे बूट-तंबूंवर मारायचा जलरोधक फवारा आदल्या दिवशी मारून माशा पूर्ण वाळवायच्या.

भिजलेली माशी आधी टिपकागदात दाबा. मग गळ रबरबँडात अडकवून ताणा आणि तार छेडल्यासारखं छेडा, पाणी तुषारासारखं उडतं. पुड्यांतले सिलिकाचे मणी डबीत भरून त्यात माशी हलवली तरी वाळते. पण ते पाणी फक्त शोषतात. विकतची पूड पाणी झटकणारी असते, तो गुण यात नाही. मणी कुटू नका, धूळ छातीत जाते. निळे तर घेऊच नका, त्यांत कोबाल्टचा क्षार असतो.

मेण लायटरच्या इंधनात विरघळवायची जुनी कृती कुणीतरी सुचवेलच. मी सोडली. भडका उडायची भीती, आणि पाण्यावर तवंग दिसतो.

उलट, दोरी आणि माशी यांच्यामधला बारीक दोरा बुडायला हवा असतो. मुलतानी माती, भांड्यांचा साबण, थोडं ग्लिसरीन, मळून गोळी करा आणि दोऱ्यावरून ओढा.

प्रतिसाद १
जेली किंवा पेट्रोलियमपासून केलेलं काहीही मुख्य दोरीला लावू नका हं. लेपातला मऊपणा निघून जातो आणि भेगा पडतात. डासांच्या मलमातलं डीट तर लेप विरघळवतंच, हात पुसून मगच दोरी धरा. साफ करायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. पण भेगा पडून गेल्या असतील तर साबण काही करणार नाही. एक करा, दोरी पूर्ण उलगडून आतलं टोक बघा. ते पुढच्यासारखंच हळूहळू निमुळतं होत असेल तर ती दुहेरी निमुळती दोरी. उलटी भरा. मागचा भाग एकसारखा बारीक असेल तर नशीब फुटकं, उलटून उपयोग नाही.

धागालेखक
उलगडली! आतलं टोक निमुळतं आहे, आणि रिळाच्या पोटात राहिल्यामुळे एकही भेग नाही. कोमट पाण्यात धुऊन वाळत घातली आहे. बॅकिंगला गवंड्याची दोरी आणली. आता दोन्ही जोडायचं कसं? माझी गाठ कड्यात अडकते.

प्रतिसाद ३
खिळागाठ घाला. खिळ्याऐवजी बॉलपेनची रिकामी रिफिल घ्या. ती दोरीच्या टोकाला लावून धरा, दोन्हींवर मिळून बॅकिंगचे पाच-सहा वेढे, बॅकिंगचं टोक रिफिलमधून उलट बाहेर, मग रिफिल ओढून काढा आणि गाठ ओली करून आवळा.