याओ मिंगचं करिअर पायाने संपवलं की चीनच्या फेडरेशनने?

लांबपास_सांगली
मीममधला तो हसरा चेहरा सगळ्यांना माहितीय, पण माणूस खेळायचा काय हे फार कमी लोकांनी बघितलंय. शांघायचा बास्केटबॉलपटू याओ मिंग, साडेसात फूट, 2002 च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात तो) ह्यूस्टन रॉकेट्सने पहिल्याच नंबरवर उचलला. पहिल्या तीन सीझनमध्ये मिळून फक्त 2 मॅच चुकवल्या त्याने! मग पाय मोडला, गुडघ्याखालचं हाड मोडलं, परत पाय, आणि 2011 ला तिशीतच रिटायर. माझं मत स्पष्ट आहे, फेडरेशनने पिळून काढला त्याला. एनबीए संपली की बाकीचे सुट्टीवर आणि हा नॅशनल टीमच्या कॅम्पला. हाड भरून यायचं कधी?

डावखुरा
फेडरेशनच्या नावाने बोटं मोडणं सोपंय रे. बिल वॉल्टनचे पाय गेले, राल्फ सॅम्पसनचे गुडघे गेले, दोघं असेच उंच अमेरिकन प्लेयर, त्यांच्यामागे कुठलं फेडरेशन लागलेलं? एवढा उंच माणूस, 140 किलोच्या आसपास वजन, रिबाउंडला (हुकलेला बॉल पकडायला) उडी मारून खाली आला की सगळा भार पावलातल्या बारक्या हाडांवर. हे होणारच होतं.

लांबपास_सांगली
मग इल्गाउस्कसचं काय? सव्वासात फूट, पायाची तीच रड, 1999-2000 चा आख्खा सीझन बाहेर बसला, ऑपरेशनं झाली आणि नंतर कितीतरी वर्षं क्लीव्हलँडला खेळला. कारण वेळ दिला. याओचं फेब्रुवारी 2008 मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, मार्चमध्ये ऑपरेशन, ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकला कोर्टवर!

प्राजक्ता_के
पण त्याला फरफटत नेलं असं का धरताय? ऑलिंपिक हुकलं तर करिअरमधलं सगळ्यात मोठं नुकसान होईल हे तो स्वतः म्हणाला होता. आई चीनच्या महिला टीमची कॅप्टन होती, घरातच होतं ते. अथेन्सला 2004 मध्ये तेव्हाच्या वर्ल्ड चॅम्पियन सर्बिया-मॉन्टेनेग्रोला 67-66 हरवलं, त्यात याओचे 27. बीजिंगला झेंडा घेऊन चालला तेव्हा शेजारी सिचुआनच्या भूकंपातून वाचलेलं 9 वर्षांचं पोरगं होतं. अशा वेळी ‘पाय दुखतोय, घरी बसतो’ कोण म्हणेल?

लांबपास_सांगली
ताई, तोच तर मुद्दा आहे ना. नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती.

नागपुरी_तर्री
अबे पण एवढं रडण्यासारखा प्लेयर होता का तो? 2008 ला रॉकेट्सने सलग 22 मॅच मारल्या, त्यातल्या शेवटच्या 10 याओ नसताना, सेंटरला (बास्केटजवळच्या उंच प्लेयरच्या जागी) 41 वर्षांचा मुटोम्बो. 2011 ला सीझनभरात 5 मॅच खेळून पब्लिकच्या मतांवर ऑलस्टार (लीगमधल्या निवडक स्टार्सची मॅच) स्टार्टर! आणि 2016 ला शॅक आणि आयव्हरसनसारख्या दिग्गजांच्या पंगतीत हॉल ऑफ फेम, म्हणजे बास्केटबॉलच्या मानाच्या यादीत. चीनचं मार्केट आहे हे सगळं.

डावखुरा
मतांचं मान्य. पण बाकी हवा नाही हां. करिअरची सरासरी 19 पॉइंट, 9.2 रिबाउंड, आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) 83 टक्के, या उंचीला! शॅकला फ्री थ्रो म्हटलं की घाम फुटायचा. 2009 च्या प्लेऑफमध्ये लेकर्सविरुद्ध सात मॅचची सिरीज झाली, तिची पहिली मॅच बघ, लेकर्सच्या कोबीचा गुडघा याच्या गुडघ्यावर आदळला, लंगडत बाहेर चालला, ट्रेनर आत न्यायला बघतोय आणि हा लॉकर रूमला जायलाच तयार नाही, परत कोर्टवर. 28 पॉइंट, मॅच खिशात.

नागपुरी_तर्री
अन् तिसऱ्या मॅचनंतर पाय मोडल्याचं कळलं, तरी चौथी त्याच्याशिवाय जिंकलेच ना. सहावी पण.

लांबपास_सांगली
आणि सातवीत 89-70 ने धुतले गेले. समोर गॅसॉल आणि बायनम, दोघं सात फुटी, आणि आपल्याकडे सेंटरला कोण, तर साडेसहा फुटी चक हेज.