सोलोची तयारी : ओठांना विसावा हवा

ताई, २६ जानेवारीला एकटीने वाजवायच्या तुकड्यात, म्हणजे सोलोत, लेकीचा ट्रम्पेटचा वरचा सूर फाटतोय, असं लिहिलंत म्हणून सांगते. माझा मुलगाही इथेच, सोलापुरात, शाळेच्या बँडमध्ये होता. सलग तासभर फुंकायचा आणि शेवटी रडायचा. सराव कमी नव्हता हो, ओठ थकायचे! मग दहा मिनिटं वाजवायचं, दहा मिनिटं थांबायचं, असं ठरवलं. मार्चची, म्हणजे संचलनाच्या धूनची, लय मिनिटाला १२० ठोक्यांची. त्याने ६० पासून सुरुवात केली, तीही शेवटच्या तुकड्यापासून मागे मागे येत. होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरलेला, मित्र बोलवायला यायचे, तरी पोरगं बसून राहिलं. सकाळच्या गारठ्यात पितळी वाद्याचा सूर उतरतो. वाजवण्याआधी तिला त्यात नुसती तोंडाची गरम हवा सोडू द्या. आणि एकदा तरी शेजाऱ्यांसमोर वाजवू द्या.