काकांची जुनी पोकळ गिटार अ‍ॅम्पला लावली की हंबरते, काय करू?

ब्लूजवेडा:
मंडळी, काकांनी सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवलेली गिटार परवा माझ्याकडे आली. पोकळ बॉडी, दोन एफ-होल (इंग्रजी एफच्या आकाराची भोकं), दोन पिकअप (तारांची थरथर पकडून अ‍ॅम्पला देणारे), पाठीवर काकांच्या पट्ट्याच्या बकलाने घासून पडलेला तळहाताएवढा पांढरा डाग. आतलं लेबल वाळवीने खाल्लंय त्यामुळे साल कळत नाही. नुसती वाजवली तर इतकी गोड की रात्री साडेबाराला पण खाली ठेववत नाही, पण अ‍ॅम्प लावला आणि व्हॉल्यूम चारच्या पुढे नेला की घूंऽऽ करून हंबरायलाच लागते. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या, मिक्सर बिघडलाय का रे तुमचा. शिवाय पिकअप निवडायचा स्विच मधे, म्हणजे दोन्ही चालू, ठेवला की नाकातून बोलल्यासारखा बारीक आवाज येतो. एका दुकानात दाखवली तर म्हणाले पिकअप बदलू, पॉलिश काढून रंग मारू, नव्यासारखी होईल. माझं मन होत नाहीये. अनुभव सांगा, जुन्या गिटारींचे किस्से असतील तर तेही येऊ द्या.

इरकल:
रंग अजिबात मारू नका!! तो डाग काकांचा आहे, राहू द्या.
हंबरण्याचं म्हणाल तर, अ‍ॅम्पचा आवाज पोकळ पेटीत शिरतो, वरची फळी थरथरते, तिच्याबरोबर तारा, आणि पिकअप तेच परत अ‍ॅम्पला देतो, असं ते चक्र चालू राहतं. अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगला पण हाच त्रास होता, तो एफ-होलमधून आत कापड कोंबायचा. तो आपल्या गिटारीला ल्युसिल म्हणायचा, १९८० मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने त्याच्यासाठी त्याच नावाचं मॉडेल काढलं त्यात एफ-होल ठेवलीच नाहीत. मी हे वाचून आईचं जुनं हिरवं इरकल फाडून आत भरलं आणि हंबरणं खरंच गेलं. मग दादरला एका घरगुती मैफलीत वाजवत होतो, तिसऱ्या गाण्यापर्यंत इरकलीचा काठ हळूहळू भोकातून बाहेर यायला लागला, मला पत्ताच नाही. पुढे बसलेल्या एक आजी उठल्या, सोलो चालू असताना दोन बोटांनी काठ आत खोचला, गिटारीवर एक थाप मारली आणि जाऊन बसल्या. इतका हशा मी कुठल्या मैफलीत ऐकला नाही. गिटारीचं नाव तेव्हापासून इरकल, आणि इथला माझा आयडी पण.

सोल्डरताई:
इरकलदादा, ल्युसिल नावामागे मात्र आग आहे. १९४९, आर्कान्सामधलं ट्विस्ट गाव, थंडीसाठी हॉलच्या मधोमध पेटवलेलं रॉकेलचं पिंप मारामारीत लवंडलं. किंग बाहेर पडला होता तो गिटारीसाठी परत आत गेला. दोन माणसं गेली त्या आगीत. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं हे कळल्यावर, असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून त्याने ते नाव ठेवलं.
ब्लूजवेडा, नाकातल्या आवाजाला बिघाड म्हणू नका. दोन पिकअप उलट्या फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाची लहर वर तेव्हा दुसऱ्याची खाली, मधल्या पोझिशनला एकमेकांचा आवाज खातात. फ्लीटवुड मॅक बँडच्या पीटर ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉल गिटारीमध्ये एका पिकअपचं लोहचुंबक उलटं बसलं होतं म्हणून हेच व्हायचं, आणि तोच आवाज लोकांना वेड लावून गेला. पुढे ती गिटारवादक गॅरी मूरकडे आणि २०१४ मध्ये मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटकडे गेली. पिकअप बदलायला सांगणाऱ्याला हे ऐकवा.
साल हवं असेल तर व्हॉल्यूमच्या पॉटवरचे (बटणाखालच्या आतल्या भागावरचे) आकडे बघा. अमेरिकन पॉट असेल तर १३७-६६१२ असं काहीतरी, म्हणजे १९६६चा १२वा आठवडा. पण तो पॉटचा जन्म, गिटारीचा नाही. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन आपल्या लाडक्या स्ट्रॅटला (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारीला) १९५९ची म्हणायचा कारण पिकअपवर तसं लिहिलं होतं, प्रत्यक्षात नेक १९६२ची, बॉडी १९६३ची. वाजायची मात्र अशी की कोणी साल विचारूच नये.

लांबवायर:
माझा लाडका किस्सा ब्लूज गिटारवादक बडी गाय याचा. पोरगेला असताना अमेरिकेतल्या लुइझियानात गिटार स्लिम नावाच्या वादकाला ऐकायला गेला, सोलो जोरात चालू आणि स्टेजवर स्लिमच नाही! रेकॉर्ड लावलीय की काय असं वाटलं, तर बुवा लांबच लांब वायर ओढत दारातून वाजवत आत आले. तेव्हाच ठरवलं म्हणे, आपण पण असंच करायचं, आणि आयुष्यभर केलं. तोच बडी गाय २०११ला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला आला होता.

ब्लूजवेडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. रंग आणि पिकअप दोन्ही रद्द. पॉटवर आकडे नाहीत, पण मोबाईलचा टॉर्च मारून एफ-होलमधून आत बघितलं तर फळीवर काकांच्या अक्षरात पेन्सिलीने, "तारा बदलल्या, गणपती ७४". काकांना फोन केला तर म्हणाले बरोबर, आदल्या रात्री मांडवात ई तार तुटली होती. कापड कोंबून बघितलं, आता व्हॉल्यूम सहापर्यंत गप्प असते. कापड खालच्या काकूंनीच आणून दिलं, जुना सुती पंचा.