लेथच्या कामात कोनासाठी कोणते एकक धरावे?

प्रश्न : उद्यमनगरातील आमच्या कारखान्यात टेपरचा (निमुळत्या भागाचा) कोन ड्रॉइंगवर अंश-मिनिटांत असतो, यंत्र बसवताना लेव्हलवर (पातळी तपासण्याच्या साधनावर) ०.०२ मिमी प्रति मीटर लिहिलेले दिसते आणि पुस्तकात रेडियन (कोनाचे गणिती एकक) भेटतो. नव्या मुलांना शिकवताना भर कशावर द्यावा?

उत्तर : टेपरसाठी अंश-मिनिटेच ठेवावीत, कारण व्हर्नियर बेव्हल प्रोट्रॅक्टर (कोनमापक) ५ मिनिटांपर्यंत वाचता येतो. मात्र ३० मिनिटे म्हणजे ०.५ अंश, ०.३० नव्हे, हे कॅल्क्युलेटर हाती देण्यापूर्वी पक्के करून घ्यावे. माझ्या मते सर्वाधिक माल इथेच वाया जातो.

दुसरे उत्तर : लेव्हलची गोष्ट वेगळी आहे. १ मीटरवर १ मिमी फरक म्हणजे जवळजवळ १ मिलिरेडियन (रेडियनचा हजारावा भाग), आणि आपल्या ०.०२ मिमीच्या लेव्हलवरील एक भाग म्हणजे कोनाचे सुमारे ४ सेकंद (६० सेकंदांचे १ मिनिट). परंतु सेकंद सांगून कामगाराला काहीच करता येत नाही, तर मिमी प्रति मीटरवरून यंत्राच्या पायाखाली किती जाडीची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालायची ते थेट कळते. रेडियन हिशेबापुरता ठेवावा.

प्रश्नकर्ता : म्हणजे पायांतील अंतर दीड मीटर असल्यास एका भागाला ०.०३ मिमी धरावे का?

दुसरे उत्तर देणारे : होय, तेवढेच.