हेअर ट्रान्सप्लांटच्या आधीची शोधाशोध : अनुभव सांगा

ठाणेकर_शशांक
परवा भाच्याचा फोन आला. 'मामा, पॅकेज मिळतंय, चार हजार ग्राफ्ट, ॲडव्हान्स भरू का?' वय वर्षं चोवीस. (ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागून मुळासकट काढून टकलावर लावायचा केसांचा बारीक पुंजका.) मला माझे ते दिवस आठवले. वहीच केली होती तेव्हा.

ठाणे, दादर, पुणे अशी क्लिनिकं पालथी घातली. बऱ्याच ठिकाणी पांढरा कोट घातलेले काउन्सेलर भेटायचे, मोबाइलवर फोटो काढून ग्राफ्टचा आकडा सांगायचे आणि 'आज बुक केलंत तर सूट' म्हणायचे. डॉक्टर दिसायचेच नाहीत. शेवटी पुण्यात एक प्लास्टिक सर्जन भेटले. त्यांनी भिंगातून डोक्याची मागची बाजू बघितली, वडील आणि मामांच्या टकलाची चौकशी केली आणि सरळ सांगितलं, 'आत्ता नाही. वर्षभर औषधं घे, गळती थांबते का बघू.' कारण असं की पुढे केस लावले आणि त्यांच्या मागचे गळत राहिले, तर मध्येच बेट तयार होतं. आणि मागचा साठा आयुष्यभरासाठी तेवढाच असतो, तिथून काढलेला केस तिथे पुन्हा उगवत नाही. ऑपरेशन त्यांच्याकडेच केलं, पण बऱ्याच नंतर.

तुम्ही काय बघितलंत, काय विचारलंत ते लिहा. भाच्याला धागा वाचायला देणार आहे.

मीनल_जो
आमच्याकडे नवऱ्याचं झालंय. तो एफयूई (एकेक ग्राफ्ट सुटा काढायची पद्धत) की डीएचआय (तसाच काढून पेनसारख्या साधनाने लावायची पद्धत) यातच अडकला होता, रात्र रात्र व्हिडिओ. मी म्हटलं अरे, सुरी कोण धरणार ते विचार आधी. फोन करून विचारलं तर 'सर सुपरवाइज करतात'. म्हणजे काय ते समजा. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

पिंट्या_सातारा
वाचतोय 🙏

डॉ_त्वचा
त्वचारोगतज्ज्ञ आहे, स्वतः ट्रान्सप्लांट करत नाही. मीनलताईंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ही शस्त्रक्रिया प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायची, टेक्निशियन फक्त मदतीला. यूट्यूब बघून किंवा कार्यशाळेला बसून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नाही, हेही त्यात लिहिलंय. डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नाव तपासता येतं.

आणि एका बैठकीत किती ग्राफ्ट, हेही विचारा. २०१९ मध्ये मुंबईत एक जण ट्रान्सप्लांटनंतर दगावला, त्या बातम्यांत नऊ हजारांच्या वर ग्राफ्ट एकाच वेळी केल्याचं आलं होतं. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आली तर तिथे काय सोय आहे, जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे विचारायला लाजू नका.

गोदाकाठ
माझं एफयूटी झालंय, म्हणजे मागच्या कातडीची केसांसकट पट्टी काढून तिचे ग्राफ्ट करतात ते. सगळे नाकं मुरडतात, पण डॉक्टरांनी कारण समजावलं होतं. मला ग्राफ्ट जास्त हवे होते आणि केस बारीक कापायची सवय नाही. मागे आडवा व्रण आहे, दोन बोटं केस ठेवले की दिसत नाही. मशीन फिरवून केस अगदी बारीक ठेवणाऱ्यांनी मात्र एफयूईच करावं. त्यातही व्रण राहतातच, ठिपक्यांसारखे. 'व्रणच नाही' अशी जाहिरात दिसली की पुढे जा.

रेवा१२
बायकांबद्दल कुणीच लिहित नाही म्हणून लिहिते. भांग रुंद झाला होता, ट्रान्सप्लांटची चौकशी करायला गेले. एका ठिकाणी लगेच तारीख देत होते. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी फेरिटिन आणि थायरॉइड करायला लावलं. फेरिटिन तळाला होतं! गोळ्या सुरू केल्या, केस हळूहळू भरले. माझ्या मावसबहिणीला चाई पडली होती, तिलाही कुणीतरी ट्रान्सप्लांट सुचवलं होतं. चाईत रोग अजून चालू असेल तर लावलेले केससुद्धा गळू शकतात. आधी निदान, मग बाकीचं.

पिंट्या_सातारा
रेवाताई, फेरिटिन म्हणजे लोहच ना? बायकोचे पण फार गळतायत बाळंतपणानंतर

रेवा१२
हो, शरीरातला लोहाचा साठा. बाळंतपणानंतर काही महिने गळतातच, बहुतेक आपोआप थांबतात. तरी एकदा तपासून घ्या. जपा तिला, झोप मिळू दे.

दुबईकर_नंदू
इथून ऑफिसातले बरेच जण इस्तंबूलला जातात. विमानतळावरून गाडी, हॉटेल, सगळं एकत्र. तिथे चांगले सर्जनही आहेत, पण स्वस्त पॅकेजमध्ये डॉक्टर कपाळावरच्या केसांची रेष आखून जातो आणि पुढचं सगळं टेक्निशियन करतात. माझ्या मित्राची मागची बाजू विरळ पडली, जास्त उपसली गेली. तक्रार घेऊन कुणाकडे जाणार, परत विमान? मी सुट्टीत नाशिकला केलं, टाके-बिके बघायला डॉक्टर हाकेच्या अंतरावर.

मीनल_जो
आले परत. पैशांचं सांगायचं राहिलं. प्रति ग्राफ्ट दर सांगतात, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. विमा सहसा देत नाही. आणि ग्राफ्ट म्हणजे एक केस नव्हे, एकात एक ते चार केस असतात. 'चार हजार' म्हणजे ग्राफ्ट की केस ते कागदावर लिहून घ्या.

अमेय_के
डिसेंबरात लग्न आहे, आत्ता केलं तर होईल का??

ठाणेकर_शशांक
अमेय, घाई नको रे. लावलेले केस पहिल्या दोन-तीन महिन्यांत गळून पडतात, ते ठरलेलंच आहे. मुळं आत असतात, नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून येतात. खरा निकाल वर्षाने. माझी आई तर ते गळणं बघून रडायला लागली होती, माक्याचं तेल घेऊन मागे लागली.

गोदाकाठ
माक्याचं तेल घरी करता का हो? आमच्या शेताच्या बांधावर माका माजलाय.

ठाणेकर_शशांक
हो, आई खोबरेल तेलात कढवते. विचारून सांगतो. पण ट्रान्सप्लांटवाल्यांनी सुरुवातीला डोक्याला काहीही लावायचं नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच.

अमेय_के
बरं दादा. होणाऱ्या बायकोला सांगितलंय, ती म्हणते आहेस तसा ये 😊 लग्नानंतर बघू.

मीनल_जो
अभिनंदन अमेय! कुठे आहे लग्न?