नांदूर मध्यमेश्वर : पक्षी भरपूर, म्हणून पाणी चांगले?

पक्ष्यांची संख्या टिकून आहे, त्या अर्थी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचे पाणी चांगलेच असणार, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ पाणी आणि बेटे तयार झाली. रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलेले महाराष्ट्रातील हे पहिले स्थळ एका अर्थी गाळाचीच देणगी आहे. मात्र त्याच गोदावरीतून नाशिक शहराचे सांडपाणी आणि काठच्या शेतांतील खतांचे अंशही येतात, व त्यातील नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ आणि जलपर्णी पोसली जाते.

शेकाट्या किंवा जांभळी पाणकोंबडी अशा पाण्यातही सुखाने राहतात, त्यामुळे एकूण गणना फसवी ठरू शकते. पाण्याखालच्या वनस्पती, मासे व कीटक यांवर जगणाऱ्या जातींची स्वतंत्र नोंद अधिक बोलकी असते. विरघळलेला प्राणवायूही पहाटे मोजावा, कारण रात्रभर शेवाळासकट सारेच जीव तो वापरत असतात, आणि दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे आकडा वाढलेला दिसतो.

उपाय म्हणून जलपर्णी काढून काठावरच टाकली, तर ती कुजून तिच्यातील पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यातच उतरतात.