मदत हवी आहे : ख्रिसमसच्या सकाळचे मसाल्याचे वॉफल्स, आईलाही खाता येतील असे

नमस्कार मंडळी,

आम्ही मिनेसोटात राहतो. आई नोव्हेंबरात कराडहून आली आहे, संक्रांत करून परत जाईल. वय ७१, मधुमेह जुना, पण गोळ्यांवर आटोक्यात. पथ्य ती स्वतःच चोख सांभाळते, मला कधी सांगावं लागत नाही.

आमच्या घरी ख्रिसमसच्या सकाळी जिंजरब्रेड वॉफल्स ठरलेले असतात. लेक चार वर्षांची असताना तिने शेजारच्या आजींकडे ते पहिल्यांदा खाल्ले, आता ती अकराची आहे. बाहेर उणे वीस, खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी, आणि घरभर सुंठ-दालचिनीचा वास. मागच्या खेपेला आई होती तेव्हा मी तिच्यासाठी वेगळा उपमा केला होता. ती काही बोलली नाही, 'छान झालाय' म्हणाली. पण आम्ही चौघं वॉफल्स खातोय आणि आईच्या पुढ्यात उपम्याची बशी, हे अजून डोळ्यांसमोरून जात नाही. यंदा सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ हवा आहे.

म्हणून गेल्या रविवारी नेहमीची कृती बदलून पाहिली. मैद्याच्या जागी २ कप कणीक (इंडियन स्टोअरमधली, पोळ्यांची). मोलॅसिसच्या (उसाच्या मळीच्या) जागी पाऊण कप चिरलेला गूळ, कारण गूळ बरा. ताकाऐवजी बिनसाखरेचं बदामाचं दूध. लोणी पूर्ण वगळलं. अंडी दोन. बेकिंग सोडा मूळ कृतीत होता तेवढाच, १ टीस्पून. सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ अंदाजाने.

वॉफल साच्याला असा धरून बसला की झाकण उचलल्यावर अर्धा वर, अर्धा खाली. जो निघाला तो रंगाने काळपट, आतून चिकट, पाच मिनिटांत कातड्यासारखा चिवट. आणि चव साबणासारखी. लेकीने एक घास खाऊन बशी हळूच सरकवली. आईने मात्र पूर्ण संपवला, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

नेमकं चुकलं काय? कणीक ठेवून खुसखुशीत वॉफल होतो का? गोड किती कमी करता येईल? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. नवा वॉफल मेकर घ्यायचा नाहीये, आहे तो चांगला आहे.

प्रतिसाद १

वाचतेय. आमच्याकडेही सासऱ्यांसाठी हाच प्रश्न आहे.

प्रतिसाद २

दादा, चुका तीनच आहेत, पण एकमेकींत गुंतल्यात.

साबणाची चव सोड्याची. सोड्याला आंबट काहीतरी लागतं, तेव्हाच तो फसफसून पीठ हलकं करतो. तुमच्या मूळ कृतीत ताक आणि मोलॅसिस दोन्ही आंबट होते, तुम्ही दोन्ही काढलेत आणि सोडा तेवढाच ठेवलात. बदामाच्या दुधात आंबटपणा जवळजवळ नसतो. मग सोडा तसाच उरतो, चव बिघडवतो आणि रंगही काळवंडवतो. ढोकळ्यात सोडा जास्त पडला की लाल ठिपके येतात, आठवतंय ना? तिथे हळद बोलते, इथे जीभ.

चिकटण्याचं कारण गूळ आणि लोणी. पाऊण कप गूळ म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास. तो तापल्यावर पाकासारखा साच्याला धरतो, आणि पिठात स्निग्ध काहीच नव्हतं. वॉफलला तेल-तूप लागतंच. त्याने पीठ सुटतं आणि बाहेरचा पापुद्रा कुरकुरीत होतो. तीन टेबलस्पून तेल सहा वॉफल्सना, म्हणजे एकाला अर्धा टेबलस्पून. आपण पराठ्याला याहून जास्त सोडतो. आणि साच्यावर फवाऱ्याचं तेल मारत असाल तर बंद करा. त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर साचतो आणि नंतर सगळंच धरायला लागतं. ब्रशने साधं तेल लावा.

तिसरं, पोळ्यांची कणीक. जात्याच्या दळणामुळे ती पाणी जास्त पिते, म्हणून मैद्याच्या मापाने द्रव घातलात की पीठ गोळाच होतं. तुमच्याकडे होल व्हीट पेस्ट्री फ्लोअर मिळत असेल तर उत्तम, ते मऊ गव्हाचं असतं. नाहीतर कणीकच घ्या, फक्त द्रव वाढवा आणि भिजवून पंधरा मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे कोंडा फुगतो. सोडा मात्र त्यानंतर, अगदी साच्यात घालायच्या आधी.

मी असं करते : १ कप कणीक, अर्धा कप नाचणीचं पीठ, २ टेबलस्पून तांदळाची पिठी, दीड टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून सोडा, पाव टीस्पून मीठ. सव्वा कप ताक (आंबट, फार पातळ नको), २ अंडी, ३ टेबलस्पून तेल, २ टेबलस्पून मोलॅसिस. अंड्यातलं पांढरं वेगळं फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळा, कणकेला हा फेसच उचलून धरतो. नाचणी मी मुद्दाम घालते. कॅल्शियम तर आहेच, पण रंग असा येतो की जिंजरब्रेड म्हणून कोणी शंका घेणार नाही. पिठीने कुरकुरीतपणा येतो, आंबोळ्यांना येतो तसाच.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. फक्त गुळाबद्दल स्पष्ट लिहावंसं वाटतं, कारण ही समजूत घराघरांत आहे. मधुमेही माणसासाठी गूळ ही साखरच. थोडं लोह वगैरे असतं, पण रक्तातली साखर वाढवताना तो साखरेहून वेगळा वागत नाही. मध, खजुराचा पाक, नारळाची साखर, सगळ्यांचं तेच.

दोन टेबलस्पून मोलॅसिसमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर येते, म्हणजे एका वॉफलला ५ ग्रॅम. खरी मेख वरून ओतायच्या सिरपात आहे. मेपल सिरप शुद्ध असलं तरी एका टेबलस्पूनात १२ ग्रॅम साखर, आणि मुलं कधी एकावर थांबत नाहीत. कृतीत कितीही काटछाट करा, टेबलावर बाटली ठेवलीत की हिशोब फिसकटला.

पिठं धरून या मापाच्या एका वॉफलमध्ये तीसेक ग्रॅम कर्बोदकं येतील, दोन लहान पोळ्यांएवढी. आईंनी एकच घ्यावा, सोबत अंडं किंवा चक्का घ्यावा, आणि दोन तासांनी साखर तपासावी. ख्रिसमसच्या आधी एकदा तपासून बघितलीत तर त्या दिवशी धाकधूक राहणार नाही.

प्रतिसाद ४

एक वेगळी काळजी. त्या सकाळी मुलं आधी भेटी उघडतात, मग चहा, मग फोन, आणि नाश्त्याला अकरा वाजतात. आईंच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी नाश्त्याबरोबर घ्यायची गोळी असेल, तर ती सवयीने आठला घेऊन नाश्ता लांबवणं बरोबर नाही, साखर खाली जाऊ शकते. माझ्या मावशीला अशाच एका सणाच्या दिवशी दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि त्यांचा नाश्ता वेळेवर होऊ द्या. भेटी थांबतील.

प्रतिसाद ५

मोलॅसिसऐवजी काकवी चालेल का? कोल्हापूरहून आणलेली एक बाटली पडून आहे.

प्रतिसाद २ (पुन्हा)

चालेल, पण दोन्ही एक नव्हेत. काकवी म्हणजे रस आटवताना गूळ धरायच्या आधी काढलेला पाक, त्यात सगळी साखर असते. मोलॅसिस म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेली मळी, म्हणून ती कडसर आणि तिखटसर लागते. जिंजरब्रेडची ओळखीची चव त्या कडसरपणातच आहे. काकवी घेतलीत तर दीड टेबलस्पूनच घ्या आणि सुंठ जरा वाढवा. ब्लॅकस्ट्रॅप लिहिलेली मोलॅसिसची बाटली मात्र घेऊ नका, फार कडू पडते.

मसाल्याचं लिहायचं राहिलं. सुंठ दीड टीस्पून, दालचिनी १ टीस्पून, जायफळ पाव, आणि लवंग फक्त चिमूटभर. अंदाज चुकतो तो लवंगेतच. जास्त झाली की जीभ बधिर होते आणि मग बाकी कशाचीच चव लागत नाही. गोड कमी असलं की मसाले आणखी उग्र भासतात, म्हणून मोजूनच घ्या. सुंठ जुनी असेल तर नवी आणा. जायफळ त्याच वेळी किसा.

आणि झाकण लवकर उघडू नका. यंत्राचा दिवा काहीही म्हणो, कडेने येणारी वाफ जवळजवळ थांबली की मगच. झालेले वॉफल्स एकावर एक रचू नका, स्वतःच्याच वाफेने ते लिबलिबीत होतात. जाळीवर ठेवा, जाळी २०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा करून पाहिले, लगेच लिहितो आहे.

माप प्रतिसाद २ मधलंच. ताक आईने घरी लावलेल्या दह्याचं, चांगलं आंबट. सोडा शेवटी घातल्यावर पिठावर बारीक बुडबुडे दिसायला लागले, गेल्या वेळी ते दिसलेच नव्हते. पहिला वॉफल मी घाईने उघडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. दुसऱ्याला वाफ थांबेपर्यंत थांबलो, चारेक मिनिटं लागली. झाकण उचललं तर तो आपसूक सुटून आला, कडा तांबूस, मधे नाचणीचा गडद रंग. मोडला तेव्हा आवाज आला. आच नेहमीपेक्षा एक खूण कमी ठेवली होती, कारण मोलॅसिसमुळे लवकर करपतो हे कळलं होतं.

वरून सिरपाऐवजी सफरचंदाच्या फोडी दालचिनीत वाफवलेल्या, साखर अजिबात नाही. शेजारच्या विस्कॉन्सिनमधली क्रॅनबेरी इथे या दिवसांत भरपूर मिळते, मूठभर तीही टाकली. आई चाखून म्हणाली, "करवंदासारखी आहे की रे." आणि घट्ट चक्का, वेलची घालून. लेकीला मी एक चमचा मेपल वेगळ्या वाटीत दिलं, तिने अर्धं तसंच ठेवलं.

आईने एक घेतला. दोन तासांनी साखर १५८ आली, तिच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत. गोळ्यांचं विचारलं आहे, ख्रिसमसला तिचा नाश्ता साडेआठलाच, भेटी नंतर. लेकीने हे ऐकून स्वतःच सांगितलं की आजीचं आधी.

आता एक सांगायचं आणि एक विचारायचं. चौथा वॉफल घालताना आई शेजारी उभी होती. तिने डब्यातून तीळ काढले, तापलेल्या साच्यावर भुरभुरले आणि म्हणाली, आता घाल पीठ. भोगीच्या बाजरीच्या भाकरीला लावते तसेच. ते खरपूस भाजून वॉफलच्या खाचाखाचांत बसले, आणि तो एक वॉफल आम्ही पाचही जणांनी मोडून वाटून घेतला, तिच्यासकट. तर नाचणीच्या जागी बाजरीचं पीठ घातलं तर चालेल का? तिची तशी इच्छा आहे. घरात आहे ते पीठ ऑक्टोबरचं आहे.

प्रतिसाद २ (पुन्हा)

चालेल, पण ऑक्टोबरचं नको. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, जुनं असेल तर मोलॅसिसच्या कडसरपणात भर पडेल. ताजं दळलेलं मिळालं तरच घ्या, आणि अर्ध्याऐवजी पाव कप, उरलेली नाचणीच. तीळ मात्र ठेवाच.

धागाकर्ता

मग या वेळी नाचणीच. बाजरी भोगीला, आई असेलच तेव्हा. २४ ला रात्री सगळे करून जाळीवर गार करून फ्रीझ करतो आणि सकाळी टोस्टरमधून काढतो, म्हणजे साडेआठची वेळ गाठता येईल.